आज आलेली गाडी

अझीम परकार म्हणतो, गाडी म्हणजे सुरमई.
हर्णैच्या पुळणीवर उतरली की तासाभरात बोली लागली पाहिजे,
नाहीतर डोळे पांढरे पडतात.
म्हणून इंजिन थंड व्हायच्या आत तो मोबाईल काढतो,
हेडलाइटवर चिखल, वायपरात सुरूची काडी तशीच,
आणि खाली लिहितो : आजच आली. पहिला मालक. फोन करा.

मी त्याचा निम्म्याचा भागीदार.
मला वाटतं गाडी सोड्यांसारखी असते,
जरा ऊन खाऊ द्यावं.
आरसी बुक हातात पडू दे,
बँकेचं ना-हरकत येऊ दे,
दाराखालचा गंज पत्र्यात किती आत गेलाय
ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कळू दे.
‘आणि तोवर व्याज काय तुझा सासरा भरणार?’
त्याचंही खरंच असतं.
व्याज सावलीतसुद्धा वाढतं.

अकरा वर्षं हेच भांडण,
चिऱ्याच्या चार खांबांवर, सिमेंटच्या पत्र्याखाली,
दापोलीहून खाली उतरताना डाव्या हाताला.

समुद्र फोटोत घ्यायचा नाही, यावर मात्र एकमत.
हॉटेलवाले त्याच्या जिवावर जगतात,
आमच्या गिऱ्हाइकाला तो मागे नुसता दिसला
की ते आधी वाकून चॅसी बघतं.
पितृपक्षात जाहिरात थांबवायची नाही, यावरही.
घेत कुणी नाही, पण निजताना बघतात सगळे,
सर्वपित्रीला कुणाच्या तरी आडून भाव विचारतात,
घटस्थापनेला हार घेऊनच येतात.
आणि वाशीहून आंब्याची पट्टी यायच्या आधी
मोठी गाडी दाखवायची नाही,
नुसती नजर लागते.

मग आंजर्ल्याच्या पावसकर सिस्टरांची अल्टो आली.
चौदा वर्षांत एक्याण्णव हजार किलोमीटर,
त्यातले निम्मे रात्रीचे.
मागच्या सीटवर दोन पोरं जन्मली होती,
ते त्यांनी किमतीत धरलं नव्हतं.
किल्ली देताना एवढंच म्हणाल्या,
दुसऱ्या गिअरला जरा दम धरा, तो मागून येतो.

साडेसहाला अझीमने फोटो टाकला.
आम्ही दिले त्यावर अडतीस हजार चढवून.

नऊला फोन. सिस्टर.
आता भाव बघून येतात अंगावर, म्हटलं,
आणि उगाच उभा राहिलो.
‘फोटो बघितला,’ म्हणाल्या.
मग बराच वेळ नुसता त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज.
‘मागच्या काचेत माझा रेनकोट दिसतोय.
राहू दे तो.
पण एक लिहा. उजव्या दाराला खालून गंज आहे,
मी रंगाची बाटली आणून पुसला होता,
तुम्हाला बोलले नाही.
घेणारा ओळखीचाच निघेल,
पाजपंढरीचा नाहीतर मुर्डीचा.
मला त्यांच्या घरी अजून इंजेक्शनं द्यायची आहेत.’

अझीम वहीत अडतीसवर बोट ठेवून बसला होता.
बोट उचललं नाही,
दुसऱ्या हाताने ड्रॉवरमधला टॉर्च काढला.
मी गुडघ्यावर बसलो
आणि आम्ही गंजाचा फोटो घेतला,
अगदी जवळून,
किती मोठा ते कळावं म्हणून शेजारी एक रुपया ठेवून.

चौदा वर्षं जिचं मीठ धुतलं नसेल कुणी,
ती त्या उजेडात एखाद्या म्हातारीसारखी
निमूट पाय दाखवत उभी होती.

आज बारावा दिवस.
गाडी गेलेली नाही.
फोन येतात, गंजाचंच विचारतात,
दोघेजण तर रुपयाच्या नाण्याबद्दल बोलून हसले.
‘आजच आली’ हे मात्र अझीमने अजून खोडलेलं नाही,
आणि मीही त्याला आठवण केलेली नाही.

काल संध्याकाळी खेडहून एक वॅगन-आर उतरली.
इंजिन अजून टिकटिकत होतं, मोबाईल निघाला,
मी तोंड उघडणार, भांडण ठरलेलंच,
तेवढ्यात अझीम दाराशी वाकला,
एकेक खिसा चाचपू लागला.
‘सुटा रुपया आहे का रे तुझ्याकडे?’